दोन नटांमधला उजेड

भोक पाडण्यात काय मोठंसं, असं म्हणणारी माणसं बहुतेक भिंतीत खिळा ठोकताना स्वतःचाच अंगठा चेचून घेणारी असतात. त्यांनी एकदा लोखंडाला भोक पाडून बघावं. लोखंड आधी ऐकतच नाही, मग ऐकल्यासारखं करतं, आणि तुमचं लक्ष जरा इकडेतिकडे झालं की ड्रिलचं बिट घसरून भलतीकडेच चरा उमटतो. मग गिऱ्हाईक त्या चऱ्याकडे बघतं आणि आपण छताकडे.

या घराचा मात्र तोच धंदा होता. वर घर, खाली दुकान. लोक पट्ट्या, जाड प्लेटा, पाइप घेऊन यायचे आणि खुणा केलेल्या जागी भोकं पाडून घेऊन जायचे. "जग माल विकतं, आपण लोकांचा माल कमी करून देतो," असं थोरले म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर आपणच हसायचे.

थोरले म्हणजे घरातले सासरे. भावंडांत मोठे म्हणून कधीकाळी पडलेलं नाव. भाऊ केव्हाच आपापल्या वाटेनं गेले, नाव तेवढं राहिलं. दुकानात त्यांच्या जोडीला मुलगा होता, आणि मुलाचं लग्न झाल्यावर पुढच्या टेबलावर बसायला सून आली. लग्नाआधी ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. इथंही आलेल्याला काय हवंय ते विचारायचं, इतकंच तिचं काम होतं. पण विचारायची सवय फार वाईट. एकदा लागली की गिऱ्हाइकापाशी थांबत नाही. टेबलावरून ती हळूहळू आत सरकली, आणि वर्ष व्हायच्या आत मशीनपाशी उभी राहून बिट निळं का पडतं, हे विचारू लागली.

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. सासूबाई वरून म्हणाल्या, "अगं, निळं पडतं तर पडू दे की!" पण थोरल्यांना मात्र मनापासून आनंद झाला. इतकी वर्षं त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

"ताप चढतो त्याला," ते म्हणाले. "फार वेगानं फिरवलं, तेल दिलं नाही, की बिट तापतं. तापून निळं झालं की धार मेली. मग ते कापत नाही, नुसतं घासतं."

"मग मेलेलं बिट टाकून द्यायचं?"

"तुझा नवरा टाकतो. मी निळं तेवढं घासून काढतो आणि नवी धार लावतो."

तेव्हापासून तिचं नाव पडलं चौकशी खिडकी. "आमची चौकशी खिडकी उघडली का?" असं विचारतच थोरले सकाळी जिना उतरायचे. त्यांच्याकडून ती पुष्कळ शिकली. साध्या लोखंडाला साधं बिट चालतं, पण कडक पोलादाला कोबाल्टचं लागतं आणि त्याचं टोक जरा बसकं असतं. मोठं भोक पाडायचं तर आधी बारीक बिटानं वाट करून द्यायची. बिटं ड्रॉवरमध्ये एकावर एक कधी टाकायची नाहीत. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशी एका खणात दोन बिटंही राहत नाहीत. एकमेकांवर आपटून दोघांच्याही धारा जातात. म्हणून थोरल्यांनी लाकडाच्या ठोकळ्यात प्रत्येकाला स्वतंत्र घर करून दिलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच शिकवली नाही, ती म्हणजे धार लावणं. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात ग्राइंडर होता आणि त्याच्यापुढे उभं राहायचा मान फक्त त्यांचा. बिट चिमटीत धरायचं, फिरत्या दगडाला टेकवायचं, हात जरासा खाली झुकवायचा, उलटवायचं, पुन्हा तसंच. टोकाच्या दोन्ही धारा अगदी सारख्या उतरल्या पाहिजेत. एक जरी लांब झाली किंवा तिचा उतार बदलला, तर बिट स्वतःभोवती नीट न फिरता झोकांड्या खातं आणि भोक मोठं पडतं. "शिकाऊ लोक दोन नट शेजारी चिकटवून ठेवतात," थोरल्यांनी तिला सांगितलं होतं. "मध्ये जी खाच होते, तिच्यात बिटाचं टोक बसवून उजेडाकडे धरायचं. दोन्हीकडून उजेड बंद झाला तर धार बरोबर. मला नट लागत नाहीत. माझ्या डोळ्यात नट आहेत."

हे ते गर्वानं म्हणायचे, आणि तो गर्व खोटा नव्हता. लांबलांबचे लोक त्यांच्याकडून नुसती धार लावून घ्यायला यायचे.

मग एकदा एक टाकीवाला स्टेनलेसची जाड प्लेट घेऊन आला. नवऱ्यानं मशीन सुरू केलं. थोड्याच वेळात असा काही किंचाळल्यासारखा आवाज सुटला, की शेजारचा टायरवाला डोकावून गेला. बिट निळं झालं. दुसरं लावलं, तेही निळं. भोकाच्या जागी वाटीएवढा खळगासुद्धा पडेना, नुसता आरशासारखा चकचकीत ठिपका झाला. चौथं बिट गेल्यावर नवऱ्याचं डोकं फिरलं.

"बाबा, तुमची धार टिकत नाही! आता धार लावायचं मशीन तरी आणू या, नाहीतर नवी बिटं आणायची, वापरायची आणि फेकून द्यायची. सगळं जग तेच करतंय."

थोरल्यांनी मशीन थंड होऊ दिलं, त्या चकचकीत ठिपक्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "तू ह्याला गोंजारत बसलास."

"म्हणजे?" हे अर्थात सुनेनं विचारलं.

"साधं लोखंड भोळं असतं, कसंही वागवा, चालतं. स्टेनलेसचं तसं नाही. वेग जास्त आणि दाब कमी, असं नुसतं घासत बसलात की ते जागच्या जागी कडक होऊन बसतं. मग बिटाचा बाप आला तरी आत जात नाही. त्याला सावकाश फिरवायचं, पण ठासून. एकदा आत शिरलं की थांबायचं नाही."

त्यांनी पट्टा सगळ्यांत हळू चाकावर टाकला, कोबाल्टचं कोरं बिट लावलं, प्लेट उलटी करून पक्की आवळली आणि तिच्यावर तेल सोडलं. आणि दांडीवर असा भार दिला की सुनेला वाटलं, आता बिट मोडणार. मोडलं नाही. टोकाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडाच्या जाड, चमकत्या सुरळ्या सुटायला लागल्या. आवाज तर असा आला, जसा कुणी शांतपणे काकडी किसतंय.

"मग तुम्ही आधीच सावकाश का नाही केलंत?" सुनेनं नवऱ्याला विचारलं.

"तू माझ्या बाजूची आहेस की त्यांच्या?"

"मी भोकाच्या बाजूची आहे."

"ऐका!" नवरा म्हणाला. "लोक शिवी म्हणून छिद्रान्वेषी म्हणतात. माझ्या बायकोनं त्याचा पेशा केलाय."

थोरले तो दिवसभर नुसते खुलून गेले होते. जेवताना त्यांनी टाकीवाल्याची गोष्ट सासूबाईंना दोनदा सांगितली. आणि नेमक्या त्याच भरात, दुसऱ्या दिवशी, जिनेवाला आला.

जिनेवाला त्यांचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. इमारतींचे जिने आणि कठडे बसवायचा, आणि कठड्याच्या पायाशी लागणाऱ्या प्लेटांना इथूनच भोकं पाडून न्यायचा. त्यानं एक प्लेट टेबलावर ठेवली, भोकात बोल्ट घातला आणि बोटानं हलवला. बोल्ट घंटेच्या लोलकासारखा हलला.

"हे बघा, नाचतोय आत," तो म्हणाला. "मागच्या वेळी पण असंच होतं, मी बोललो नाही. पण थोरले, कठड्याला माणूस टेकतो. म्हातारी माणसं टेकतात, पोरं लोंबकळतात. सैल बोल्टावर मी कठडा उभा करणार नाही. पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे जावं लागेल. मला ते बरं वाटणार नाही, पण जावं लागेल."

नवरा कालचं विसरला नव्हता. "मी कालपासून हेच सांगतोय," तो म्हणाला. "धार."

थोरल्यांचा चेहरा लाल झाला. "मशीन बघ. पट्टा बघ. प्लेट नीट आवळत नाहीस, ते बघ. माझ्या धारेत चूक निघाली ना, तर मी पुन्हा ग्राइंडरला हात लावणार नाही. शब्द आहे माझा."

थोरल्यांचा शब्द म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तरुणपणी एकदा चहात साखर जास्त पडल्यावरून सासूबाईंशी वाजलं, तेव्हा रागानं साखर सोडली ती सोडलीच. जिनेवालाही जुना माणूस, त्यालाही ठाऊक होतं. त्यानं बोल्ट उचलून खिशात टाकला आणि प्लेटा पुन्हा करून ठेवा म्हणून निघून गेला.

ग्राइंडर नसलेले थोरले सुनेला डोळ्यांपुढे आणता येईनात. ते कुठे उभे राहतील? दिवसभर हातांचं काय करतील? या घरात तिच्या प्रश्नांना माणसासारखं उत्तर देणारा तो एकच माणूस, आणि त्याची जागा एका सैल बोल्टावर टांगलेली. ही चूक मशीनची निघावी, अशी तिनं मनातल्या मनात देवाला गळ घातली. देवाला मशीनमधलं किती कळतं, हा प्रश्न तिला नंतर पडला.

दुपारी थोरले जेवून वर आडवे झाले आणि नवरा माल पोचवायला गेला, तेव्हा तिनं शटर अर्धं ओढलं आणि कामाला लागली. प्लेट पक्की आवळली. पट्टा बघितला, ताण ठीक होता. मग ठोकळ्यातलं थोरल्यांनी धार लावलेलं बिट घेऊन एक भोक पाडलं. दुकानातला एक बोल्ट घालून बघितला, नाचला. नवं कोरं, कागदातून आत्ताच काढलेलं, त्याच मापाचं बिट लावून शेजारी दुसरं भोक पाडलं. त्यात बोल्ट असा बसला की हलेना. मशीन तेच, प्लेट तीच, हात तिचाच.

तिनं दोन नट शेजारी शेजारी चिकटवून धरले, मधल्या खाचेत थोरल्यांचं बिट बसवलं आणि शटरखालून येणाऱ्या उन्हाकडे धरलं. एका बाजूला काळोख होता. दुसऱ्या बाजूनं उन्हाची बारीक फट स्पष्ट दिसत होती.

एखादं बिट बिघडतंच, असं तिनं स्वतःला समजावलं. ठोकळ्यातलं दुसरं घेतलं. फट. तिसरं. फट.

आता शहाण्या माणसानं इथं थांबावं. पण चौकशी खिडकी मध्येच बंद होत नसते. ग्राइंडरखाली एक पत्र्याचा डबा होता. धार लावून लावून इतकी आखूड झालेली बिटं, की मशीनमध्ये धरताही येत नाहीत, ती थोरले त्यात टाकत. वर्षानुवर्षं टाकत आले होते आणि डबा कधीच कुणी रिकामा केला नव्हता. म्हणजे वरची बिटं अलीकडची आणि खाली जावं तशी जुनी. तिनं डबा मांडीवर घेतला आणि वरून एकेक बिट काढून नटांच्या खाचेत बसवू लागली.

वरच्या बिटांत फट होती. त्याखालच्यांत जराशी कमी. आणखी खाली गेल्यावर केसाएवढी. आणि डब्याच्या मध्यापासून पुढे उजेड पार बंद. तळाची गंजलेली, बोटाच्या पेराएवढी उरलेली बिटं तर त्या खाचेत अशी बसली, जशी तिच्यातच जन्माला आली असावीत. सून तशीच फरशीवर बसून राहिली. एवढी सुंदर धार तिनं कधी बघितली नव्हती आणि तिला रडायला येत होतं.

पण रडतानाही प्रश्न सुटेना. का? म्हातारपणी हात थरथरतो म्हणावं, तर थोरल्यांचा हात अजून दगडासारखा होता. काठोकाठ भरलेला पेला घेऊन ते जिना चढत, थेंब सांडत नसे. मग आठवडाभर ती कामं करता करता त्यांच्याकडे बघत राहिली. ठोकळ्यात बिट ठेवताना ते आधी बोटानं भोक चाचपत. भोकाच्या जागी खळी पाडणारा पंच ठोकण्याआधी खुणेच्या रेघा नखानं शोधत. चहाचा पेला टेबलावर ठेवताना आधी टेबलाच्या कडेला हात लावत. हे सगळं ती रोज बघत होती आणि तिला वाटत होतं, ही मुरलेल्या कारागिराची लकब आहे. तिनं स्वतः सुद्धा एकदोनदा तसं करून बघितलं होतं!

जिनेवाल्याच्या प्लेटा करायची वेळ आली. त्या दिवशी सकाळी तिनं नव्या बिटानं एक भोक पाडलं आणि त्याचा कीस एका कागदावर ठेवला. थोरल्यांच्या बिटानं दुसरं पाडलं आणि त्याचा कीस दुसऱ्या कागदावर. मग ते खाली उतरल्यावर दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले.

"बाबा, यातला कुठला कीस कसल्या बिटाचा, ते नुसतं हात लावून सांगता येतं?"

"न सांगायला काय झालं?" थोरल्यांना परीक्षा द्यायला फार आवडायचं. त्यांनी पहिल्या कागदावर बोटं फिरवली. दोन लांब, सारख्याच जाडीच्या सुरळ्या हाताला लागल्या. "हं. दोन्ही धारा सारख्या कापतायत. ही माझी धार." मग दुसऱ्या कागदावर बोटं ठेवली. एकच जाडजूड सुरळी, आणि बाकी नुसता भुगा. ते हसले. "आणि हे कुणा गाढवानं धार लावलेलं बिट आहे. एकच धार राबतेय, दुसरी नुसती मिरवतेय. त्या चौकातल्या लोहाराचं का?"

सुनेनं ठरवलं होतं की आता हसत हसत, हळूच सांगायचं. पण गाढव हा शब्द मध्ये आला आणि तिचं ठरवलेलं वाक्य तिथंच राहिलं.

थोरले वाट बघत राहिले. या पोरीला प्रश्न सुचत नाही, असं आजवर झालं नव्हतं. हळूहळू त्यांचं हसू ओसरलं.

"माझं?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली. मग, त्यांनी मान हलवलेली बघितली की नाही याची खात्री वाटेना, म्हणून तोंडानं "हो" म्हणाली.

"नट आण."

तिनं नट दिले, बिट दिलं. त्यांनी ते जोडून खाचेत बसवलं आणि शटरच्या उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरलं. "नीट कळत नाही," ते म्हणाले.

"एक डोळा मिटून बघा."

त्यांनी उजवा डोळा मिटला. थोड्या वेळानं म्हणाले, "फट आहे." आवाज इतका साधा होता, जणू दुसऱ्याच कुणाच्या बिटाबद्दल बोलत होते.

आता खरं तर हे पुरे होतं. चूक सापडली होती, आणि त्यांनी ती स्वतःच्या तोंडानं कबूल केली होती. पण सुनेला अजून तिच्या "का"चं उत्तर मिळालं नव्हतं.

"बाबा, आता दुसरा मिटा."

थोरल्यांनी डावा डोळा मिटला. उजवा डोळा चांगला टक्क उघडा होता. ते तसेच उभे राहिले. मग हात जरा पुढे नेला, मागे आणला.

"नट कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

नट त्यांच्याच हातात होते.

नवरा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो जिंकल्याचं तोंड करायला गेला आणि ते त्याला जमलं नाही. त्यानं मुकाट्यानं जिनेवाल्याच्या प्लेटा नव्या बिटानं पुऱ्या केल्या आणि गाडी काढली. थोरले नको म्हणत होते. "वयानं होतं तसं, चष्म्याचा नंबर वाढला असेल." सासूबाई पदर सावरत जिना उतरल्या आणि म्हणाल्या, "मी येते. माझं ते ऐकत नाहीत, पण डॉक्टरांपुढे मी बोलेन, ते तरी ऐकतील." आणि गाडीत मागे थोरल्यांशेजारी त्यांच्या नेहमीच्या जागी, उजव्या हाताला बसल्या; सून पुढे बसली.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती. तिनं थोरल्यांना एका यंत्रासमोर बसवलं, एक डोळा झाकला आणि हातात बटण दिलं. आत बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. यंत्र म्हटल्यावर थोरल्यांची कळी जरा खुलली. दिवा कोण लावतं, किती वेळ चमकतो, असं त्यांनीच तिला विचारून घेतलं. डाव्या डोळ्याच्या वेळी बटणाचा आवाज टकटक येत राहिला. उजव्याच्या वेळी सगळे बाहेर बसून ऐकत होते, आणि बटण वाजेना.

"काचबिंदू आहे, काका," सगळ्यांना आत बोलावून डॉक्टर म्हणाली. "हा दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप येतो. एक डोळा जातो आणि दुसरा त्याचं काम निभावतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. उजवा आता परत येणार नाही. डाव्यात नुकती सुरुवात आहे. रोज न चुकता थेंब घातलेत तर तो आपण टिकवू. आणखी वर्षभरानं आला असतात, तर मला हे सांगता आलं नसतं."

"ग्राइंडरवर उभं राहता येईल?" थोरल्यांनी विचारलं.

"ठिणग्या उडतात ना? नको काका. आता एकच उरलाय. शिवाय एका डोळ्यानं वस्तू जवळ आहे की लांब, ते नेमकं कळत नाही. चाचपावं लागतं."

थोरल्यांनी मान डोलावली. "मी तसाही शब्द दिला होता," ते म्हणाले. मग सुनेकडे मान वळवून म्हणाले, "उद्यापासून तू उभी राहा. नट घेऊन उभी राहा, लाजू नकोस. मी आवाज ऐकून सांगेन." सुनेचे डोळे भरून आले. इतके दिवस तिला तिथंच उभं राहायचं होतं, आणि आता ती जागा अशी मिळाली होती.

डॉक्टर कागदावर थेंबांचं नाव लिहीत होती. लिहिता लिहिता घरच्यांना म्हणाली, "रस्त्यानं चालताना यांच्या उजवीकडे लक्ष ठेवा. त्या बाजूला कुणी उभं असलं तरी मान वळवल्याशिवाय यांना ते दिसत नाही. बरेच महिने झाले असतील हे. वर्ष, दीड वर्षसुद्धा."

थोरल्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीत सासूबाई ताठ बसल्या. "उजवीकडचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अजिबात दिसत नाही?"

"मान वळवल्याशिवाय नाही."

सासूबाईंनी पदराचं टोक हातात घट्ट धरलं. लग्न झाल्यापासून त्या ताट घेऊन यायच्या त्या थोरल्यांच्या उजवीकडून. झोपायच्या उजवीकडे, चालायच्या उजवीकडे, संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकायच्या तीही उजवीकडेच.

"डॉक्टर, मी रोज यांचं ताट ठेवून शेजारी उभी राहते," त्या म्हणाल्या. आवाज चढवायचा त्यांचा विचार नव्हता, पण चढला. "अजून काय वाढू म्हणून. हा माणूस मान वर करत नाही. नवी साडी नेसून उभी राहिले, तरी नाही. मला वाटलं, झालं, म्हातारपणी आपला कंटाळा आला. कुणाला सांगणार असलं? मी मग बोलायचंच सोडलं."

सुनेला लाज वाटली. त्याच घरात तिनं बिटांच्या फटी उजेडाकडे धरून बघितल्या होत्या, आठवडाभर थोरल्यांचे हात बघितले होते, आणि सासूबाईंना एकदाही काही विचारलं नव्हतं.

थोरले आवाजाच्या दिशेनं वळले. नुसती मान नाही, अख्खं शरीर खुर्चीत वळवून त्यांनी बायकोकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"मला वाटायचं, तू ताट ठेवून लगेच आत निघून जातेस," ते म्हणाले. "मला वाटलं, तुलाच कंटाळा आला."

सासूबाईंनी डोळे पुसले. "ऊठ," थोरले म्हणाले. "इकडे ये. या बाजूला बस."

त्या उठल्या, पिशवी उचलली, खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि त्यांच्या डाव्या हाताला बसल्या.